स्मार्ट उपकरणांचा अपुरा हिशेब: बल्ब, फ्रिज आणि थर्मोस्टॅटचा इतिहास काय सांगतो?

१/२६
थ्रेड 🧵
"उपकरण स्मार्ट, म्हणजे पर्यावरणस्नेही" हे समीकरण जाहिरातींनी आपल्या अंगवळणी पाडले आहे. वाय-फायला जोडलेला दिवा, फोनवरून चालणारा एसी, स्वतःच तापमान ठरवणारे यंत्र. ही उपकरणे विजेचा आणि पृथ्वीचा भार खरोखर हलका करतात का? प्रश्न अभियंत्यांचा वाटतो, पण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. घरगुती उपकरणाचा पर्यावरणीय हिशेब मांडण्याची रीत कशी घडली आणि प्रत्येक वेळी त्यातला कोणता रकाना कोरा राहिला, ते पाहू.

२/२६
प्रथम 'स्मार्ट घरा'ची वंशावळ. १९६६ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता जिम सदरलँड याने पिट्सबर्ग येथील आपल्या घरासाठी 'एको-४' नावाचा संगणक उभारला. घरातले तापमान, सामानाची यादी अशी कामे त्याच्याकडून करून घेण्याचा तो प्रयोग होता. १९६९ मध्ये हनीवेलचा 'किचन कॉम्प्युटर' नीमन मार्कसच्या कॅटलॉगात झळकला. किंमत १०,६०० डॉलर! तो कोणा गृहिणीने विकत घेतल्याची नोंद सापडत नाही.

३/२६
१९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने 'एक्स-१०' ही पद्धत आणली. घरातल्या विजेच्या तारांतूनच दिव्यांना संदेश जाऊ लागले. १९९० मध्ये जॉन रॉमकी याने 'इंटरॉप' प्रदर्शनात चक्क इंटरनेटला जोडलेला टोस्टर मांडला. दुरून एवढेच करता येई: वीज चालू आणि वीज बंद. पाव मात्र हातानेच ठेवावा लागे. पुढच्याच वर्षी त्यासाठी एक छोटी यांत्रिक क्रेनही बसवण्यात आली.

४/२६
२००० मध्ये एलजीने इंटरनेट जोडलेला फ्रिज बाजारात आणला. २०११ मध्ये नेस्टचा 'शिकणारा' थर्मोस्टॅट आला आणि जोडलेल्या उपकरणांची भाषाच बदलली. तोवर चमत्कार आणि सोय ही या वस्तूंची मुख्य ओळख होती. आता ऊर्जाबचत हे त्यांचे बिरुद झाले. हे बिरुद कितपत खरे, हे तपासायचे तर आधीच्या तीन साध्या वस्तूंकडे वळावे लागेल: बल्ब, फ्रिज आणि थर्मोस्टॅट.

५/२६
बल्ब. १९२४ च्या अखेरीस ऑस्राम, फिलिप्स आणि अन्य बड्या उत्पादकांनी जिनिव्हात 'फीबस' नावाची साखळी रचली. बाजारपेठेची वाटणी हा तिचा एक हेतू. दुसरा अधिक विलक्षण: बल्बचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणून ठेवणे. त्यापूर्वी पुष्कळ बल्ब १,५०० ते २,००० तास चालत. ज्याचे बल्ब ठरल्यापेक्षा अधिक टिकत, त्या सभासदाला दंड होई.

६/२६
या साखळीच्या बाजूने एक तांत्रिक युक्तिवाद होता, तोही नोंदवला पाहिजे. कमी आयुष्याचा तापदीप तेवढ्याच विजेत अधिक उजळ जळतो. म्हणजे 'वीज' या रकान्यात तो सरस ठरू शकत होता. पण काच, टंगस्टन आणि श्रम यांचा रकाना कोणी उघडलाच नाही. वस्तूचे आयुष्य किती, हे ग्राहकाच्या हाती नसून तिसऱ्याच कोणाच्या मेजावर ठरते, हा या प्रकरणाचा धडा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

७/२६
फ्रिज. १९२० च्या दशकातील घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली की माणसे दगावत. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला: फ्रेऑन. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीसमोर मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, ज्वलनशील नाही! स्वयंपाकघरापुरता हिशेब चोख होता.

८/२६
पण वायू स्वयंपाकघरात थांबत नाही. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिले की हेच क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनच्या थराचा नाश करू शकतात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या क्षयाचा पुरावा प्रसिद्ध केला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. मेणबत्ती विझल्यापासून करारापर्यंत ५७ वर्षे गेली. एक कोरा रकाना भरायला लागलेला हा काळ.

९/२६
फ्रिजच्याच इतिहासात एक उजळ प्रकरणही आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील नवा फ्रिज वर्षाला सरासरी सुमारे १,८०० युनिट वीज खाई. २००१ च्या सुमारास हा आकडा ५०० युनिटांच्या आसपास उतरला, आणि तोही फ्रिजचा आकार वाढलेला असताना. कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांच्यासारख्यांनी धरलेला कार्यक्षमतेचा आग्रह आणि त्यातून आलेली कायदेशीर मानके यामागे होती. जाड उष्णतारोधक थर, उत्तम कॉम्प्रेसर आणि सक्तीचा नियम. या बचतीत इंटरनेटचा वाटा शून्य.

१०/२६
मात्र नवा काटकसरी फ्रिज घरात आला म्हणून जुना नेहमीच भंगारात गेला नाही. पुष्कळ घरांत तो गॅरेजात सरकला आणि तिथे चालूच राहिला. या प्रवृत्तीचे निदान १८६५ मध्येच झाले होते. 'द कोल क्वेश्चन' या ग्रंथात अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने मांडले की, वाफेचे इंजिन जसजसे काटकसरी झाले तसतसा कोळशाचा एकूण खप वाढत गेला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक वापरतो. स्मार्ट उपकरणांच्या हिशेबात हा जेव्हन्स पुन्हा भेटेल.

११/२६
मग संपूर्ण हिशेब मांडायचा कसा? याची पद्धत एका शीतपेयाच्या बाटलीतून निघाली! १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने कॅन्सस सिटीतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटला प्रश्न घातला: कोणते पात्र निसर्गावर कमी भार टाकते? अभ्यासकांनी केवळ कचरा न मोजता कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट असा सारा प्रवास मोजला. 'जीवनचक्र मूल्यांकन' या शास्त्राच्या आरंभीच्या पायऱ्यांपैकी ही एक मानली जाते.

१२/२६
१९९७ मध्ये 'आयएसओ १४०४०' हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि या पद्धतीला शिस्त लाभली. तिचे दोन कणे लक्षात ठेवावेत. एक, सीमा: खाणीपासून भंगारापर्यंत काय मोजायचे आणि काय सोडायचे, हे आधीच जाहीर करणे. दोन, कार्यात्मक एकक: वस्तूची वस्तूशी तुलना न करता कामाची कामाशी करणे. उदाहरणार्थ, "एका खोलीला वर्षभर रोज चार तास उजेड". या दोन कसोट्या स्मार्ट उपकरणांना लावू.

१३/२६
पहिला रकाना: निर्मिती. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाचे एरिक विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी अवघ्या २ ग्रॅम वजनाच्या एका मेमरी चिपचा हिशेब मांडला. तिच्यामागे १,६०० ग्रॅम जीवाश्म इंधन, ७२ ग्रॅम रसायने आणि ३२ लिटर पाणी खर्च होत होते. चिपचे तंत्र तेव्हापासून पार बदलले आहे, म्हणून हे आकडे आजच्या चिपला जसेच्या तसे लावू नयेत. सूत्र मात्र टिकून आहे: जितकी शुद्धता अधिक, तितका अदृश्य भार अधिक.

१४/२६
फ्रिज किंवा एसीसारख्या मोठ्या यंत्राच्या आयुष्यातील बराचसा भार वापरातल्या विजेचा असतो. स्पीकर, सेन्सर, घड्याळ अशा लहान इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये बहुधा उलटे घडते. दुकानात पोहोचण्यापूर्वीच त्यांचा मोठा भार खर्ची पडलेला असतो. म्हणून एखाद्या साध्या वस्तूत चिप, रेडिओ आणि पडदा बसवला की तिचा वर्गच बदलतो. ती 'वापरात खाणारी' राहत नाही, 'जन्मताच खाऊन आलेली' होते.

१५/२६
दुसरा रकाना: प्रतीक्षा. रिमोटची वाट पाहणारा टीव्ही 'बंद' असतानाही जागा असतो. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ॲलन मायर यांनी या झिरपणाऱ्या विजेकडे लक्ष वेधले. विकसित देशांत घरगुती विजेपैकी ५ ते १० टक्के वीज अशीच जात असल्याचे अंदाज पुढे आले. १९९८ मध्ये मायर यांनी सोपी कसोटी सुचवली: प्रतीक्षेतील उपकरणाने १ वॉटपेक्षा अधिक घेऊ नये.

१६/२६
१ वॉट म्हणजे किती? वर्षभर अखंड चालल्यास ८.७६ युनिट. एका घरात नगण्य, कोट्यवधी घरांत एक वीजकेंद्र. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ही कल्पना १९९९ मध्ये उचलून धरली. २००१ मध्ये अमेरिकी अध्यक्ष बुश यांनी सरकारी खरेदीसाठी तसा आदेश काढला. युरोपीय संघाने २०१० पासून १ वॉट आणि २०१३ पासून अर्धा वॉट अशी मर्यादा घातली (माहितीदर्शक पडदा असल्यास तिच्या दुप्पट). लढाई जिंकल्यासारखी वाटली.

१७/२६
नेमक्या त्याच वेळी उपकरणे इंटरनेटला जोडली जाऊ लागली. रिमोटची वाट पाहणे सोपे, पण नेटवर्कवर हजर राहायचे तर सतत कान टवकारून बसावे लागते. २०१३ मध्ये युरोपला अशा उपकरणांसाठी वेगळे नियम करावे लागले. जानेवारी २०१५ पासूनची त्यांची पहिली मर्यादा ६ वॉट होती आणि राउटरसारख्यांना १२ वॉट! झोपलेल्या उपकरणाला अर्धा वॉट आणि जोडलेल्याला त्याच्या बारा पट. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली.

१८/२६
आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या अहवालानुसार, २०१३ मध्ये जगभरातील नेटवर्क-जोडलेल्या उपकरणांनी सुमारे ६१६ अब्ज युनिट वीज वापरली. त्यातील सुमारे ४०० अब्ज युनिट अकार्यक्षम तंत्रामुळे वाया गेले. प्रतीक्षेचा प्रश्न दशकभर खपून सोडवावा आणि तोच नव्या वेशात परत यावा, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते. मागच्या पिढीसाठी लिहिलेला नियम पुढच्या पिढीला तोकडा पडतो.

१९/२६
आता उदाहरण म्हणून घरातला हिशेब करू. ९ वॉटचा स्मार्ट एलईडी रोज ४ तास लावला तर उजेडासाठी वर्षाला सुमारे १३ युनिट लागतील. उरलेले २० तास तो अर्धा वॉट घेत असेल, तर प्रतीक्षेसाठी ३.६५ युनिट. तोच बल्ब जिन्यात रोज तासभरच लागत असेल, तर उजेडाला ३.३ युनिट आणि वाट पाहण्याला ४.२! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. जुन्या ६० वॉटच्या बल्बऐवजी तो आणला, तर बचत जरूर होते. पण ती एलईडीची, वाय-फायची नव्हे.

२०/२६
पंख्याचा हिशेब वेगळा येतो. साधा ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी पंखा बसवला आणि तो वर्षात ३,००० तास फिरला, तर १३५ युनिट वाचतात. उरलेल्या वेळात तो १ वॉट घेत असेल, तर त्यावर सुमारे ६ युनिट खर्च होतात. निव्वळ फायदा भरघोस. पण श्रेय मोटारीचे आहे. ॲप हा या हिशेबातला किरकोळ खर्च आहे, उत्पन्न नव्हे.

२१/२६
एसीत मात्र नियंत्रणाला खरे मोल आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणून १ जानेवारी २०२० पासून एसीत २४ अंशांची पूर्वनिश्चिती सक्तीची झाली. वर्षाला ८०० युनिट घेणाऱ्या एसीत दोन अंशांनी ९६ युनिट वाचतील. पण घरी पोहोचण्याआधी फोनवरून अर्धा तास खोली गार करण्याची सवय लागली तर? दीड किलोवॉटच्या यंत्रावर १०० दिवसांत ७५ युनिट. जेव्हन्स भेटला!

२२/२६
थर्मोस्टॅट. १९५३ चा हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट आजही रचनेचा आदर्श मानला जातो. त्याच्या पोटात काचेच्या कुपीत काही ग्रॅम पारा असे. तो काढून घेण्यासाठी १९९८ मध्ये उत्पादकांनी स्वतंत्र पुनर्चक्रण संस्था उभारली. पुढे वेळापत्रक लावता येणारे थर्मोस्टॅट आले. १९९५ पासून त्यांना अमेरिकेत 'एनर्जी स्टार' हे मानचिन्ह मिळे. २००९ च्या अखेरीस ते काढून घेण्यात आले. कारण? यंत्र बचत करू शकत होते, पण कित्येकांनी वेळापत्रक कधी लावलेच नव्हते.

२३/२६
ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. कागदावरची बचत आणि घरातली बचत यांतील अंतर एका शासकीय कार्यक्रमाने उघडपणे मान्य केले. २०१६ च्या अखेरीस जोडलेल्या थर्मोस्टॅटसाठी हे मानचिन्ह परत आले, ते नव्या अटीवर: प्रत्यक्ष घरांतील वापराची आकडेवारी द्या, मग चिन्ह घ्या. स्मार्ट उपकरणाच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. त्याचा दावा तपासता येतो. अट एवढीच, की आकडेवारी विक्रेत्याच्या तिजोरीत बंद राहू नये.

२४/२६
तिसरा रकाना: मृत्यू. 'रिव्होल्व्ह' हे घरातली उपकरणे एकत्र जोडणारे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र. २०१४ मध्ये नेस्टने ही कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. धडधाकट यंत्रे एका दिवसात निर्जीव झाली. उलट, ऑक्टोबर २०२५ मध्ये जुन्या नेस्ट थर्मोस्टॅटचे पाठबळ थांबले, तेव्हा फोनवरचे नियंत्रण गेले तरी भिंतीवरचे यंत्र चालू राहिले. फरक रचनेतला आहे. फीबसच्या बल्बची तार तरी जळत होती. इथे तार शाबूत आणि दिवा विझलेला.

२५/२६
या मृत्यूंचा जमाखर्च मोठा आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची. उरलेल्यापैकी बराचसा असंघटित कामगारांच्या उघड्या हातांवर येतो. भारताने २०१२ पासून उत्पादकावर जबाबदारी टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत उपकरणांचे प्रकार २१ वरून १०६ वर नेले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून आणखी एक पाऊल टाकले: सुरक्षा-अद्यतने किमान किती काळ मिळतील, हे विक्रीच्या वेळीच सांगणे बंधनकारक.

२६/२६
तेव्हा खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. बचत नेमकी कशातून होते: मोटारीतून, एलईडीतून की जोडणीतून? उपकरण रोज किती तास काम करते आणि किती तास नुसते वाट पाहते? इंटरनेट गेले तर ते चालेल का? पाठबळ किती वर्षे? ढोबळ नियम असा: जिथे भार मोठा, तिथे हुशार नियंत्रण फेडू शकते. जिथे भार लहान, तिथे हुशारीच भार होते.

भारतात २००६ पासून उपकरणांवर तारे दिसतात आणि ते वार्षिक युनिट सांगतात. निर्मितीचा भार आणि पाठबळाची वर्षे हे रकाने त्यावर नाहीत. आपल्याकडे असंख्य घरांत पहिला एसी अजून यायचा आहे. तो येण्याआधी हे रकाने लेबलवर आले, तर फ्रेऑनसारखी ५७ वर्षे थांबावे लागणार नाही.

तुमच्या घरातले सर्वांत जुने, अजून चालणारे उपकरण कोणते आणि ते किती वर्षांचे? खाली जरूर लिहा. 🙏
#इतिहास #मराठी #पर्यावरण